चार आसनांच्या विमानात तीनच माणसे का?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यात वैमानिकाचे प्रशिक्षण घेत आहे. खासगी वैमानिकाचा परवाना मिळाल्यावर तिने तीन मैत्रिणींना घेऊन फीनिक्सहून फ्लॅगस्टाफला जाण्यासाठी सेसना १७२ हे चार आसनी विमान भाड्याने घेतले. टाक्या पूर्ण भरलेल्या होत्या आणि एकूण वजन मर्यादेपेक्षा सुमारे ४० किलो जास्त होत होते, म्हणून प्रशिक्षकांनी एका मैत्रिणीला मागे ठेवायला लावले. मी वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात क्रेनच्या देखभालीचे काम करून निवृत्त झालो. ठरलेल्या क्षमतेपेक्षा २५ टक्के जास्त वजन उचलून आम्ही क्रेनची चाचणी घेत असू. मग साडेतीन टक्क्यांनी विमानाचे काय बिघडणार होते? प्रशिक्षकांनी जरा जास्तच सावधगिरी बाळगली, असे नाही का?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : प्रशिक्षकांचा निर्णय पूर्णपणे योग्य होता. तरीही आपली शंका अनुभवातून आलेली असल्यामुळे तिचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

आधी हिशेब पाहू. सेसना १७२च्या ‘एस’ या प्रकाराचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन १,१५७ किलो आहे. रिकाम्या विमानाचे वजन त्यातील उपकरणांनुसार थोडे बदलते. ते ७६० किलो धरू. टाक्यांत वापरण्याजोगे इंधन सुमारे २०१ लिटर मावते आणि लिटरला ०.७२ किलो या हिशेबाने त्याचे वजन १४५ किलो होते. माणसे आणि सामान यांसाठी उरतात जेमतेम २५२ किलो. चौघींचे मिळून २८० किलो आणि पिशव्यांचे १२ किलो धरले, तरी वजन ४० किलोंनी जास्त होते. या वर्गातील बहुतेक विमानांत सर्व आसने आणि पूर्ण टाक्या या दोन्ही गोष्टी एकाच वेळी भरता येत नाहीत. आसने जास्त ठेवलेली असतात ती वैमानिकाला निवड करता यावी म्हणून. कधी माणसे जास्त आणि इंधन कमी, तर कधी त्याच्या उलट.

आता क्रेनविषयी. विमानाच्या सांगाड्यालाही क्रेनसारखा फॅक्टर ऑफ सेफ्टी, म्हणजे ठरलेल्या भारापेक्षा जास्त ताकदीची राखीव जोड, असतो. सर्वसाधारण वर्गातील छोटे विमान स्वतःच्या कमाल वजनाच्या ३.८ पट भार सहन करील अशा बेताने बांधलेले असते आणि मोडण्याची मर्यादा त्याच्याही दीडपट वर ठेवलेली असते. त्यामुळे ४० किलो जास्त झाले म्हणून पंख तुटून पडणार नाहीत, हा आपला अंदाज बरोबर आहे. परंतु वजनाची मर्यादा एकट्या सांगाड्यावरून ठरत नाही. किती वेगाखाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत, इंजिन त्याला मिनिटाला किती उंच चढवते, चाकांचे दांडे उतरतानाचा किती धक्का सोसतात, हे सारे तपासून ती ठरवलेली असते. सांगाड्याच्या ताकदीला दीडपटीची जोड असली, तरी पंखांच्या उचलीला आणि इंजिनच्या शक्तीला तशी जोड कोणी देऊ शकत नाही. क्रेनचा भार शेवटी जमीन घेते आणि ती उन्हाळ्यात मऊ पडत नाही. विमानाचा भार हवा घेते, आणि हवा तापली किंवा विमान उंचावर गेले, की ती विरळ होते.

आपल्या मुलीच्या बाबतीत हाच मुद्दा निर्णायक होता. फ्लॅगस्टाफचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,१३८ मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहूनही जवळपास ५०० मीटर वर. तेथे दुपारी २८ अंश तापमान असले, तर हवा सुमारे ३,१०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. टर्बोचार्जर, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र, नसलेल्या अशा इंजिनची शक्ती अशा हवेत सुमारे ३० टक्क्यांनी घटते. समुद्रसपाटीला, प्रमाण तापमानात, हे विमान पूर्ण वजनासह मिनिटाला सुमारे ७३० फूट चढते. फ्लॅगस्टाफच्या दुपारी हा वेग निम्म्याहूनही बराच कमी होतो, आणि तोही वजन मर्यादेत असेल तर. परतीच्या प्रवासासाठी तेथे पुन्हा टाक्या भरल्या असत्या, तर चौघी अशा अवस्थेत उड्डाणासाठी धावपट्टीवर उभ्या राहिल्या असत्या.

वजन दहा टक्क्यांनी वाढले की उड्डाणासाठी लागणारे अंतर सुमारे वीस टक्क्यांनी वाढते, आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंखांची उचल कोसळते तो वेग, सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो. साडेतीन टक्क्यांच्या हिशेबाने हे आकडे किरकोळ वाटतात. सकाळच्या थंड हवेत, समुद्राकाठच्या लांब धावपट्टीवर ४० किलो जास्त घेऊन विमान बहुधा निमूटपणे उडेलही. मला यातच सर्वांत मोठा धोका दिसतो. एकदा निभावले की वैमानिकाला ती मर्यादा कागदी वाटू लागते आणि पुढच्या खेपेला तो त्याच वजनाने तापलेल्या, उंचावरच्या धावपट्टीवर जातो.

तेथे काय घडते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. पंखांच्या लांबीएवढ्या उंचीपर्यंत जमिनीच्या सान्निध्यामुळे हवेचा अवरोध कमी असतो, म्हणून जड विमानही धावपट्टीवरून उचलले जाते. जरा वर जाताच तो आधार सुटतो, अवरोध वाढतो आणि विमान चढेनासे होते. समोर झाडे किंवा टेकडी दिसल्यावर वैमानिक नाक वर ओढतो, त्यामुळे वेग आणखी घटतो; वळून परतण्याचा प्रयत्न केला तर स्थिती अधिकच बिघडते, कारण उंची राखून ४५ अंश कलून घेतलेल्या वळणात स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. एवढ्या कमी उंचीवर स्टॉल झाल्यास सावरायला जागाच उरत नाही.

११ एप्रिल १९९६ रोजी वायोमिंग राज्यातील शायेन येथे विमान चालवायला शिकणारी सात वर्षांची जेसिका डुब्रॉफ, तिचे वडील आणि प्रशिक्षक यांचा सेसना १७७ विमानात मृत्यू झाला. शायेनचा विमानतळ सुमारे १,८७६ मीटर उंचीवर आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात उड्डाणाच्या वेळी विमान मर्यादेपेक्षा ९६ पौंड, म्हणजे सुमारे ४४ किलो जड असल्याचे आढळले. मुख्य दोष बिघडत्या वादळी हवामानात उड्डाण करण्याच्या निर्णयाचा होता. परंतु विरळ हवा आणि जास्त वजन यांचाही त्या निष्कर्षात स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या प्रश्नातले ४० किलो वाचताना मला हाच अपघात आठवला.

वजन कोठे ठेवले आहे, हेही तितकेच महत्त्वाचे असते. मागच्या आसनांवर दोघी आणि त्यांच्या मागे सामान, अशी मांडणी झाली की गुरुत्वमध्य, म्हणजे विमानाचे सारे वजन ज्या बिंदूवर तोलले जाते तो बिंदू, मागे सरकतो. तो मर्यादेबाहेर गेला, तर नाक खाली आणायला शेपटाची ताकद अपुरी पडू शकते आणि स्टॉल किंवा गिरक्यांतून विमान बाहेर काढणे अवघड, प्रसंगी अशक्य होते. एकूण वजन मर्यादेत असूनही असे घडू शकते.

यावर उपाय होता, आणि तो अवघडही नव्हता. टाक्या मुळात भरल्याच नसत्या आणि सुमारे ५५ लिटर इंधन कमी घेतले असते, तर चौघी जाऊ शकल्या असत्या. उरलेले इंधन जवळपास चार तास पुरले असते आणि हा प्रवास तर दीड तासाच्या आतलाच आहे. भरलेली टाकी उपसणे मात्र सोपे नसते, म्हणून प्रशिक्षकांपुढे एकीला उतरवण्याचाच मार्ग उरला. पुढच्या वेळी मुलीने विमान घेण्याच्या आदल्या दिवशीच इंधन किती भरायचे ते सांगून ठेवावे, वजन आणि गुरुत्वमध्य यांचे पत्रक स्वतः भरावे आणि फ्लॅगस्टाफहून निघायचे असल्यास सकाळी लवकर निघावे.

प्रश्न : परदेशात एका लहान विमानातून सहलीला जाताना आम्हा सर्वांना काट्यावर उभे केले आणि माझ्या पत्नीला पुढच्या आसनावरून मागे बसवले. तिला ते अपमानास्पद वाटले. मोठ्या विमानात असे कोणी करत नाही, मग येथेच का?
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : मोठ्या विमानांत प्रवाशाचे सरासरी वजन गृहीत धरतात. प्रवासी दीडशेच्या वर असले की कोणी जड, कोणी हलका, असे होऊन सरासरी बरीचशी जुळते. पाच-सहा जणांत ती जुळेलच असे नाही, म्हणून तेथे काटाच लागतो.

सरासरी चुकल्याचा परिणाम ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेतील शार्लट येथे दिसला. १९ प्रवासी आसनांचे बीचक्राफ्ट १९०० विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि त्यातील वैमानिकांसह सर्व २१ जण मरण पावले. देखभालीत शेपटाच्या नियंत्रणाची जुळणी चुकलेली होती, हे मूळ कारण होते. परंतु गृहीत धरलेली वजने प्रत्यक्षापेक्षा कमी असल्यामुळे गुरुत्वमध्यही मर्यादेच्या मागे गेलेला होता. त्यानंतर अमेरिकेत प्रवाशांच्या सरासरी वजनाचे आकडे वाढवण्यात आले.

आपल्या पत्नींना मागे बसवले ते विमानाचा तोल राखण्यासाठी. जेथे काटा नसतो आणि नुसते विचारतात, तेथे बूट, जाकीट आणि हातातल्या पिशवीसकट खरे वजन सांगावे.