स्पेनमध्ये घरविक्रीची छोटी एजन्सी: परवान्याचं सोडा, आधी फाइल बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही तोरेविएहाला राहता, लांब मुदतीचं निवासपत्र असल्यामुळे स्वतःचा धंदा करायची मुभा आहे, आणि एका मैत्रिणीबरोबर घरविक्रीची छोटी एजन्सी काढायची आहे. गिऱ्हाईक बहुतेक ब्रिटिश, डच आणि थोडे पुण्या-मुंबईचे. कुणीतरी सांगितलं की स्पेनमध्ये एजंटला परवाना लागतच नाही. हे खरं का, आणि खरं असेल तर सगळे एवढे कागद का मागतात?

मी याच किनाऱ्यावर बरीच वर्षं हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

परवान्याची गोष्ट अर्धी खरी आहे. २००० साली सरकारने वटहुकूम काढून हा व्यवसाय सगळ्यांना मोकळा केला. त्याआधी 'आपी' ही पदवी असलेल्यांचाच तो हक्क मानला जायचा. आता ती पदवी ऐच्छिक आहे. असली तर पाटीवर शोभते, गिऱ्हाइकाला धीर येतो. पण घरांचा विषय इथे स्वायत्त प्रदेशांकडे आहे. कातालोनियाने २०१० मध्ये एजंटांची सक्तीची नोंदवही आणली आणि तुमच्या-माझ्या वालेन्सिया प्रदेशाने २०२२ च्या ९८ क्रमांकाच्या आदेशाने तेच केलं. म्हणजे माद्रिदमधल्या कुणी "काही लागत नाही" म्हटलं तर ते त्याच्यापुरतं बरोबर असेल, तुमच्यापुरतं नाही. तुम्हाला प्रादेशिक नोंदवहीत नाव घालावं लागेल. त्यासाठी शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभव यांपैकी काहीतरी दाखवायचं, व्यवसायाच्या जबाबदारीचा विमा काढायचा, लोकांचे पैसे हातात येतात म्हणून वेगळी हमी द्यायची आणि गिऱ्हाइकाला भेटायला ठरलेला पत्ता ठेवायचा. मिळालेला नोंदणी क्रमांक जाहिरातीत छापायचा. महारेराची एजंट नोंदणी आणि त्यासाठीची परीक्षा तुम्हाला माहीत असेल, तर याने दचकायचं कारण नाही.

धंद्याची करनोंदणी, आउतोनोमो, म्हणजे स्वतःचा धंदा करणारी व्यक्ती, म्हणून सामाजिक सुरक्षेत नाव, दर तिमाहीचं मूल्यवर्धित कराचं पत्रक, हे सगळं एखादा बरा हेस्तोर, म्हणजे सरकारी कागदपत्रं करून देणारा सल्लागार, करून देतो. त्याची फी वाचवू नका. कंपनी काढायची असेल तर २०२२ पासून एक युरो भांडवलातही निघते, पण दोघींच्या धंद्याला पहिल्या दिवशी कंपनी हवीच असं मला वाटत नाही. मात्र कमिशनवर २१ टक्के 'ईवा', म्हणजे तोच मूल्यवर्धित कर, लागतो आणि तो धरून आकडा आधीच सांगायचा. "पाच टक्के" म्हणायचं आणि बिलात सहाच्या वर न्यायचं, यावरून या किनाऱ्यावर जितकी भांडणं होतात तितकी घरातल्या ओलीवरूनही होत नसतील.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक नवे एजंट समजतात की कायदा विक्रीच्या दिवशी, खरेदीखत करणाऱ्या नोतारिओच्या टेबलावर सुरू होतो. तो त्याच्या खूप आधी, जाहिरात टाकता त्या क्षणी सुरू होतो. म्हणून माझ्याकडे एकच नियम आहे: फाइल पूर्ण झाल्याशिवाय घराचा फोटोसुद्धा टाकायचा नाही. मालक कितीही घाई करो.

त्या फाइलमध्ये सगळ्यात आधी मालकाची सही असलेला 'एन्कार्गो', म्हणजे घर विकायचं काम त्याने तुम्हाला दिल्याचा लेखी कागद. किंमत, मुदत, कमिशन, ते कोण देणार, एकट्या तुम्हालाच काम दिलंय की आणखी चौघांना, सगळं त्यात. मालक दोघं असतील तर दोघांच्या सह्या. नवरा-बायको वेगळे झालेत आणि एकाच्याच सहीवर घर बाजारात आलंय, हा प्रकार इथे वारंवार दिसतो.

मग 'नोता सिंप्ले'. मालमत्ता नोंदणी कार्यालयाचा हा उतारा ऑनलाइन दहा-अकरा युरोंत मिळतो. मालक कोण, कर्ज किती, जप्ती आहे का, कुणाचा तहहयात राहण्याचा हक्क आहे का, हे त्यात दिसतं. मालकाने दिलेली जुनी प्रत घेऊ नका, स्वतः ताजी काढा, आणि 'आरास', म्हणजे इसाराचा करार, व्हायच्या आधी पुन्हा एकदा काढा. त्याच्या शेजारी कातास्त्रोचा उतारा ठेवा. कातास्त्रो हे कर आकारणीचं दफ्तर आहे, मालकीचं नव्हे. आपल्याकडे घरपट्टी एकाच्या नावावर आणि मालकी दुसऱ्याची असते, तसंच समजा. दोन्हींतलं क्षेत्रफळ जुळत नसेल तर थांबा. गच्चीवर बांधलेली जास्तीची खोली, बंद केलेली बाल्कनी, नोंदच नसलेला पोहण्याचा तलाव: या भागातल्या अर्ध्या बंगल्यांत यापैकी काहीतरी असतंच. ते विकता येतं, पण घेणाऱ्याला आधी सांगून.

ऊर्जा प्रमाणपत्र जाहिरातीआधी लागतं. २०१३ पासून सक्ती आहे, सध्याचे नियम २०२१ चे. ए ते जी अशी श्रेणी असते आणि ती जाहिरातीत छापावी लागते. मुदत दहा वर्षं. जी श्रेणी असेल तर पाचच. "करायला टाकलंय" असं लिहून महिनोन्‌महिने चालवणारे खूप आहेत. तुम्ही त्यांच्यात जाऊ नका. दंड एका घराच्या फायद्यावर पाणी फिरवू शकतो.

त्यानंतर सोसायटीचा दाखला. मालकाने देखभालीचे पैसे थकवले असतील तर चालू वर्षाची आणि आधीच्या तीन वर्षांची थकबाकी घरावरच बसते, म्हणजे नव्या मालकाच्या गळ्यात येते. ब्रिटिश गिऱ्हाइकाला हे सांगितलं की तो खुर्चीत सरळ होऊन बसतो. वालेन्सियात राहण्यायोग्यतेचा दाखलाही बघा; जुन्या घरासाठी त्याला 'दुसऱ्या वापराचा दाखला' म्हणतात. तो नसला तर वीज-पाण्याची जोडणी नव्या नावावर करताना घोळ होतो, आणि तेव्हा फोन तुम्हालाच येतो, मालक तोवर लीड्सला परतलेला असतो.

शेतजमिनीवरची घरं हा वेगळाच विषय. आल्मेरियातल्या बेरा गावात २००८ च्या जानेवारीत एका निवृत्त ब्रिटिश जोडप्याचं घर सरकारने पाडलं. त्यांच्याकडे नगरपालिकेची परवानगी होती, पण ती द्यायचा अधिकारच नव्हता असं प्रादेशिक सरकारचं म्हणणं. ते प्रकरण सगळ्या युरोपात गाजलं. पहिल्या वर्षी ग्रामीण घर विकायला घेऊच नका, हा माझा सल्ला. घेतलंत तर नगररचना विभागाचा लेखी दाखला हातात असल्याशिवाय कुणाला दाखवायला नेऊ नका.

भारतीय गिऱ्हाइकांसाठी इथेच एक गोष्ट, जी कित्येक जुन्या एजंटांनाही माहीत नसते. युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला काही लष्करी महत्त्वाच्या पट्ट्यांत, शहरी वस्तीबाहेरची जमीन घ्यायला संरक्षण खात्याची परवानगी लागते. कायदा १९७५ चा, नियम १९७८ चे. कार्ताहेनाच्या नाविक तळाभोवतीचा भाग, जिब्राल्टरचा परिसर, बालेआरेस आणि कानारी बेटं हे त्यातले पट्टे. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिशही या रांगेत आले म्हणून चर्चा वाढली. परवानगीला महिने लागतात, तेव्हा आरासच्या मुदतीत ते धरा.

आरासबद्दल. नागरी संहितेचं १४५४ वं कलम: घेणारा मागे फिरला तर इसार जातो, विकणारा फिरला तर दुप्पट परत. पण करारात हा प्रकार स्पष्ट लिहावा लागतो, नाहीतर न्यायालय त्या रकमेला नुसती आगाऊ रक्कम मानू शकतं. मसुदा वकिलाकडून करून घ्या, आणि घेणाऱ्याचा वकील तुमच्या ओळखीचा नसलेलाच बरा. उद्या काही बिनसलं तर "एजंटने आपलाच वकील गळ्यात मारला" हे पहिलं वाक्य असतं. चालू बांधकामातलं घर विकत असाल तर आगाऊ रकमेला बँकेची किंवा विम्याची हमी हवीच. १९६८ पासून हे तत्त्व कायद्यात आहे. तेजीच्या काळात ते धाब्यावर बसवलं गेलं. पुढे २०१५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हमीची खातरजमा न करता असे पैसे खात्यात घेणारी बँकही जबाबदार. लोकांना पैसे मिळाले, पण किती वर्षांनी!

पैशाच्या उगमाकडे वळते, कारण इथे छोटी एजन्सी असल्याची सबब चालत नाही. काळ्या पैशाविरुद्धच्या २०१० च्या १० क्रमांकाच्या कायद्यात एजंट थेट येतो. दहापेक्षा कमी माणसं आणि वीस लाख युरोंच्या आत उलाढाल असेल तर लेखी नियमावली, बाहेरच्या तज्ज्ञाची तपासणी असल्या गोष्टींतून सूट आहे. पण गिऱ्हाइकाची ओळख पटवणं, कंपनी घेत असेल तर तिच्यामागचा खरा माणूस कोण हे शोधणं, कागद दहा वर्षं जपणं आणि संशयास्पद वाटलं तर सेपब्लाकला, म्हणजे काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेला, कळवणं, हे चुकत नाही. एक बाजू व्यावसायिक असलेल्या व्यवहारात रोख रकमेची मर्यादा २०२१ पासून हजार युरो आहे. बुकिंगचे तीन हजार रोख ठेवून घेणारा शेजारी दिसेल तुम्हाला. दिसू दे.

पुण्याहून घेणाऱ्यांचं यात बरं असतं, कारण त्यांचे पैसे बँकेतूनच येतात. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, आणि दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच वसूल केलेला आयकर, कापला जातो, जो पुढे विवरणपत्रात वळता होतो. त्यामुळे ३१ मार्चच्या अलीकडे-पलीकडे हप्ते पाडायची पद्धत आहे. बँकेचे पाठवणीचे कागद नोतारिओच्या तारखेआधीच मागवा. आणि त्यांना पहिल्याच फोनवर सांगा की घर घेतल्याने व्हिसा मिळत नाही. पाच लाख युरोंची ती सोय ३ एप्रिल २०२५ ला बंद झाली. अजूनही तिच्या जाहिराती फिरतात, म्हणून म्हटलं.

स्पेनचा कर-निवासी नसलेल्या मालकाचं घर विकताना घेणाऱ्याने किमतीच्या तीन टक्के कापून महिन्याभरात करखात्यात २११ क्रमांकाच्या अर्जाने भरायचे असतात. हे विसरलं तर ती रक्कम घेणाऱ्याकडूनच वसूल होऊ शकते. शिवाय २०२२ पासून जुन्या घरावरच्या खरेदी कराचा आधार कातास्त्रोची संदर्भ किंमत असू शकते. म्हणजे घर स्वस्त मिळालं तरी कर चढ्या आकड्यावर. बजेट सांगताना हा आकडा आधी बघून ठेवा.

भाड्याने देण्याचं विचारलंत. कायमच्या निवासासाठीच्या भाड्यात २०२३ च्या गृहनिर्माण कायद्यापासून एजन्सीची फी घरमालकानेच द्यायची. मुदत किमान पाच वर्षांची, मालक कंपनी असेल तर सात, आणि अनामत एक महिना. भाडेकरूकडून "फाइल बघायची फी", "सेवा शुल्क" अशा नावांनी पैसे उकळणं किंवा खरा मुक्काम कायमचा असताना करार हंगामी दाखवणं, हे दोन्ही मी करत नाही आणि तुम्हीही करू नका.

पर्यटकांना देण्याची घरं तर सध्या दूरच ठेवा. ३ एप्रिल २०२५ पासून नव्या पर्यटन भाड्याला सोसायटीची तीन-पंचमांश मंजुरी लागते. आमच्या प्रदेशात २०२४ च्या ऑगस्टपासून नगरपालिकेचा अनुकूलतेचा दाखला आणि पाच वर्षांची मुदत आली आहे. पाहुण्यांची माहिती गृहखात्याच्या यंत्रणेत भरायची सक्ती डिसेंबर २०२४ पासून आहे. हे सांभाळायला पूर्णवेळ माणूस लागतो. गिऱ्हाईक "उन्हाळ्यात भाड्याने देऊन हप्ता निघेल ना?" असं विचारणारच. त्याला सोसायटीच्या शेवटच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा, तोंडी हो म्हणू नका.

सुरुवात करायची तर एकच गाव घ्या, फक्त विक्री घ्या, आणि जुन्या एजन्सींबरोबर कमिशन वाटून काम करा. या किनाऱ्यावर निम्मं-निम्मं सर्रास चालतं. नोंदवहीचा अर्ज आधी, पाटी नंतर. विम्याच्या कागदाचा मसुदा आला की इथेच टाका, त्यातल्या वगळलेल्या गोष्टींची यादी एकदा नजरेखालून घालते.