बीपी वाढेपर्यंत वाट बघायची का?

प्रश्न: ताई, मी पुण्यात सिंहगड रोडच्या एका हॉस्पिटलला न्यूरो आयसीयूत स्टाफ नर्स म्हणून नवीनच लागलेय. टू-व्हीलरवरून पडलेले, डोक्याला मार लागलेले पेशंट खूप येतात. कॉलेजात शिकवलं की डोक्यातलं प्रेशर वाढलं की बीपी वाढतं, पल्स कमी होते, श्वास बिघडतो. मग नाइटला पेशंट नुसता चुळबुळ करतोय आणि व्हायटल्स नॉर्मल आहेत तर डॉक्टरांना उठवायचं का? आणि नातेवाईक डोक्याखाली दोन-दोन उशा सरकवतात ते चालतं का?

उत्तर: उठवायचं, आणि बिनधास्त उठवायचं. तू शिकलीस ती कुशिंगची लक्षणं खरी आहेत पण ती उशिराची आहेत गं, ती दिसतात तोवर मेंदू खाली दाबला जायला लागलेला असतो. कवटी हाडाची, ती ताणली जात नाही, म्हणून आत सूज किंवा रक्त वाढलं की थोडा वेळ शरीर सांभाळून घेतं आणि मग प्रेशर एकदम चढतं. मोठ्या माणसात डोक्यातलं प्रेशर नॉर्मल साधारण 5 ते 15 mmHg असतं, 22 च्या वर टिकून राहिलं तर ट्रीटमेंट लागते. पण डोक्यातलं प्रेशर मोजणारा मॉनिटर नसेल तर सगळ्यात आधी बदलते ती शुद्ध. मघाशी नीट बोलणारा आता चिडचिड करतोय, झोपाळलाय, मळमळ नसताना उलटी झाली, हेच बघायचं. चुळबुळ लघवी तुंबल्यामुळे, दुखण्यामुळे किंवा ऑक्सिजन कमी पडल्यामुळेही असते, ते लगेच बघ, पण जीसीएस (डोळे, बोलणं, हालचाल यावरून शुद्धीचे 3 ते 15 मार्क) आणि प्युपिल (डोळ्याची बाहुली) तपासल्याशिवाय झोपेचं इंजेक्शन मागू नकोस आणि हात बांधायची घाई नको, तो जोर लावतो आणि प्रेशर अजून वाढतं.

फोनवर "पेशंट बरा वाटत नाहीये" असं मोघम नको. "दहाला डोळे आपणहून उघडत होता, आता चिमटा काढल्यावरच उघडतो, जीसीएस 14 चा 12 झाला, उजवं प्युपिल मोठं आणि टॉर्चला हळू" असं सांग. मग कुणी म्हणणार नाही की उगाच फोन केला.

उशा काढायच्याच. मान पुढे वाकली की मानेच्या शिरा दबतात आणि डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही. बेड डोक्याकडून 30 डिग्री वर, नाक आणि बेंबी एका रेषेत, ट्रॅकिओस्टॉमीची (श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या नळीची) पट्टी घट्ट नको. मानेला इजा असल्याची शंका असेल तर अख्खा बेड तिरका करायचा. सक्शनआधी (नळीने कफ ओढायच्या आधी) ऑक्सिजन दे आणि एका वेळी 10-15 सेकंदांच्या वर नको. बद्धकोष्ठ होऊ देऊ नकोस, कुंथण्यानेही प्रेशर वाढतं.

आणि मॅनिटॉल, म्हणजे डोक्यातलं प्रेशर उतरवायला शिरेतून देतात ते औषध! डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बाटलीत खडे धरतात, उजेडात धरून बघ, असतील तर गरम पाण्यात ठेवून विरघळव, कोमट होऊ दे, फिल्टरचा सेट लाव, नाही विरघळले तर बाटली बदल. नंतर लघवी दर तासाला मोज, बीपी पडायला लागलं तर पुढचा डोस लावायच्या आधी डॉक्टरांना विचार.