टेकन ८: पहिलं कॅरेक्टर कोणतं घ्यावं? काझुया आवडणाऱ्या नव्या खेळाडूसाठी

तुझा प्रश्न थोडक्यात असा: टेकन ८ हा मारामारीचा व्हिडिओ गेम घेऊन दोन आठवडे झाले, त्यातला काझुया मनापासून आवडतो, पण ऑनलाइन सारखा हरतोयस. मित्र म्हणतात पॉल घे, इंटरनेटवरच्या सर्वांत ताकदवान कॅरेक्टरांच्या यादीत तिसरंच नाव वर आहे, आणि या गोंधळात तू पाच कॅरेक्टर बदलून बसलास. सोपं कोणतं, असं विचारतोयस.

आधी उत्तर देतो. पॉल घे. त्याच्याशी अजिबात जमलं नाही तर क्लॉडिओ. आणि पुढचे दोन महिने दुसऱ्या कुणाकडे वळू नकोस. काझुयाचं काय करायचं तेही खाली लिहिलंय, त्याला सोडायची गरज नाही.

आता कारण. ज्याने लवकर जिंकता येतं ते सोपं कॅरेक्टर, असं बहुतेक जण धरून चालतात. मला ते पटत नाही. ज्याच्या मूव्ह्ज हाताला लवकर बसतात आणि त्यामुळे नजर मोकळी होते, ते सोपं. हे मला कसं कळलं ते सांगतो.

टेकन ३ प्लेस्टेशनवर १९९८ मध्ये आला. आमच्या गावातल्या गेम पार्लरमध्ये तो थोडा उशिरा पोचला, पण आल्यावर शाळा सुटली की सगळे तिथेच. ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांना एडी गोर्डो आठवत असेलच. कापोएराचा खेळाडू, त्याची लाथांची दोन बटणं, फुली आणि गोल, कशीही दाबत राहिलं तरी तो हातांवर उभा राहून गरागरा फिरायचा आणि समोरच्याला काही सुधरायचं नाही. ‘एडी घ्यायचा नाही’ हा कितीतरी पार्लरांत नियमच होता. मी एडी घेऊन जिंकत होतो आणि मला गेम येतो अशी माझी खात्री होती.

तिथे कॉलेजातला एक दादा यायचा. तो पॉल घ्यायचा. माझा एडी फिरत असताना तो मागे दाबून नुसता ब्लॉक करायचा, खालची लाथ आली की बसून अडवायचा, आणि माझी लाथांची मालिका संपली की एकच ठोसा. पुन्हा ब्लॉक, पुन्हा ठोसा. मी ओळीने हरलो. उठताना त्याने मला विचारलं, “खेळताना तू कुणाकडे बघतोस?” मी म्हटलं, माझ्या प्लेयरकडे. तो म्हणाला, “माझ्याकडे बघ ना. तुझा काय करतोय ते तुला ठाऊकच आहे.”

पंचवीस वर्षं होत आली, मला यापेक्षा उपयोगाचं वाक्य कुणी सांगितलेलं नाही. आज ऑनलाइन खेळताना तू स्वतःला तपासून बघ. डोळे कुठे असतात? काझुया घेतलास की ते त्याच्यावरच खिळलेले असणार, कारण त्याची मूव्ह निघाली की नाही याचीच धाकधूक असते.

काझुयाचं इलेक्ट्रिकच घे, म्हणजे त्याचा वीज चमकवणारा ठोसा, ज्याच्यासाठी सगळे त्याच्या प्रेमात पडतात. पुढे दाबायचं, सोडायचं, मग खाली, मग खाली-पुढे तिरकं, आणि त्या तिरक्याबरोबर त्याच फ्रेममध्ये त्रिकोण. गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे पडद्यावरच्या ६० चित्रांनी चालतो, म्हणजे एका सेकंदाच्या साठाव्या भागात दोन्ही बोटं एकदम पडायला हवीत. जरा पुढे-मागे झालं की वीज चमकत नाही, साधा ठोसा निघतो, आणि तो ब्लॉक झाला तर मार खावा लागतो. त्यात तू प्रॅक्टिस नेहमी डाव्या बाजूला उभा राहून करत असशील. मॅचमध्ये उजव्या बाजूला आलास की तीच हालचाल आरशातल्यासारखी उलटी होते आणि अंगठ्याला काही आठवत नाही. यात हात इतका गुंततो की समोरचा चौथ्यांदा तीच खालची लाथ मारतोय हे दिसतच नाही.

पॉलचा डेथफिस्ट हा ठोसा बघ: खाली, तिरकं, पुढे, त्रिकोण. एका संध्याकाळी दोन्ही बाजूंनी हातात बसतो. लागला तर हेल्थचा मोठा लचका तोडतो. ब्लॉक झाला तर समोरचा तुला मारणार, आणि मला हीच त्याची सर्वांत चांगली गोष्ट वाटते. तो कधी मारायचा याचा विचार करायला पॉल भाग पाडतो आणि चूक झाली की तिथल्या तिथे कळते. एडीने हे मला कधीच शिकवलं नाही.

क्लॉडिओच्या मूव्ह्ज कमी आणि सरळ आहेत. काही ठरावीक फटके लागले की त्याच्या हातावर निळा उजेड पेटतो आणि मग त्याच्या काही मूव्ह्ज जास्त जोरदार होतात, एवढं एक वेगळेपण सांभाळलं की झालं. जिन आणि आसुकाही चालतील. स्टीव्ह मात्र आत्ता नको, त्याला लाथा जवळपास नाहीतच, त्या बटणांवर तो झुकतो आणि हुलकावण्या देतो. ह्वोरांग, झाफिना, योशिमित्सू, शाओयू यांच्यात उभं राहण्याचे पवित्रे इतके आहेत की आपण कशात आहोत हेच आधी लक्षात ठेवावं लागतं.

यादीबद्दल. त्या याद्या स्पर्धेत उतरणाऱ्यांच्या हिशोबाने केलेल्या असतात आणि एक पॅच, म्हणजे गेमचं अपडेट आलं की बदलतात. सुरुवातीला ३२ कॅरेक्टर होती, नंतर एडी, लिडिया, हेहाची अशी भर पडत गेली, दर वेळी याद्या नव्या. लाहोरच्या अर्सलान अ‍ॅशने २०१९ मध्ये टेकन ७ खेळून आधी जपानमधली इव्हो ही मोठी स्पर्धा आणि मग लास वेगासची इव्हो जिंकली, तेव्हा त्याच्या हातात मुख्यतः कझुमी हे त्या गेममधलं कॅरेक्टर होतं. तिच्या मूव्ह्जची यादी आटोपशीर, साधे पण भक्कम फटके. बाकी सगळं त्याचं बचाव करणं, एक पाऊल बाजूला सरकणं आणि समोरच्याला ओळखणं. सोपं कॅरेक्टर घेतलं तर पुढे अडकून पडशील, ही भीती म्हणूनच मनातून काढून टाक.

पहिल्या महिन्यात पॉलच्या शंभरावर मूव्ह्ज पाठ करू नकोस. चार पुरेत: चौकोन-त्रिकोणचा झटपट जॅब (सरळ ठोसा), बसलेल्यालाही लागेल असा एक मधला फटका, एक खालची लाथ आणि हवेत उडवणारा एक लाँचर. लाँचरनंतर तीन-चार फटक्यांचा छोटा कॉम्बो, लांबलचक नंतर. जॅब १० फ्रेममध्ये निघतो, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. तो बघून अडवणं माणसाला शक्य नाही, पण समोरच्याची मूव्ह ब्लॉक केल्यावर तो सावरायच्या आत मारायला याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. आधी ब्लॉक, मग जॅब, ही सवय लागली की खालच्या रँकमधल्या निम्म्या मॅचेस वेगळ्या दिसायला लागतील.

‘स्पेशल स्टाइल’ वापरू का, असंही तू शेवटी विचारलंयस. पहिले दोन-तीन दिवस वापर, त्यात काही चूक नाही. पण एका बटणाने मूव्ह आपोआप निघते तेव्हा कोणती निघाली आणि का, हे हाताला कळत नाही. लवकर बंद कर.

त्यापेक्षा रिप्ले बघ. या गेममध्ये स्वतःची हरलेली मॅच लावली की कुठे मारता आलं असतं ते तो स्वतः दाखवतो, आणि तिथेच थांबवून कंट्रोलर हातात घेऊन तो क्षण पुन्हा खेळता येतो. आमच्या वेळी असं काही असतं तर त्या दादाचे पाय धरावे लागले नसते.

आणि काझुया. रोज मॅचेस संपल्यावर दहा मिनिटं त्याला दे, फक्त प्रॅक्टिस मोडमध्ये. दहा इलेक्ट्रिक डावीकडून, दहा उजवीकडून, किती निघाले ते वहीत लिहून ठेव. दोन्ही बाजूंनी दहापैकी आठ सलग आठवडाभर निघायला लागले की त्याला मॅचमध्ये ने. तोवर पॉलने तुला समोर बघायची सवय लावलेली असेल.

पन्नास मॅचेस झाल्या की इथेच लिही. कुठल्या मूव्हने सर्वांत जास्त हरतोयस तेवढं एक नक्की सांग, त्याच्यावर काय करायचं ते मी सविस्तर लिहीन.