केनियात सहा दिवसांत अंबोसेली, नकुरू आणि मसाई मारा ही वन्यप्राण्यांची तिन्ही पार्क होतील का? ऑगस्टमध्ये जायचंय, सोबत सत्तरीचे आईवडील आहेत.

होतील. पण करू नका.

आमच्या दादाने नेमका हाच बेत आखला होता, तोही ऑगस्टातच. आप्पा, म्हणजे आमचे वडील, तेव्हा ७३ वर्षांचे. मी तेव्हाच म्हटलं होतं, नकुरू गाळ. ऐकलं नाही. अंबोसेली ते नकुरू म्हणजे अख्खा दिवस गाडीत, दुसऱ्या दिवशी मारासाठी पुन्हा पाच-सहा तास. आप्पांची कंबर धरली ती धरलीच.

अंबोसेलीत दुसऱ्या सकाळी दलदलीच्या कडेला हत्तींचा कळप होता. किलिमांजारो पर्वताचं पाणी जमिनीखालून झिरपत तिथे वर येतं, त्यामुळे चहूकडे धुरळा आणि तेवढाच पट्टा हिरवागार. एक हत्तीण पुढच्या पायाने गवत उकरायची, सोंडेत जुडी धरून गुडघ्यावर आपटायची, माती झडली की मगच तोंडात घालायची. पिल्लू तिचं बघून तसंच करायला जायचं आणि जुडी निसटून पडायची. आप्पांचा जन्म शेतात गेलेला. म्हणाले, "अरे, आपण भुईमुगाचे वेल झटकतो, अगदी तसंच!" दुर्बीण डोळ्यांवरून खाली येईना. तेवढ्यात दादा म्हणाला, "चला, नकुरू गाठायचंय." आप्पांनी गपचूप दुर्बीण पिशवीत ठेवली. तो चेहरा मी विसरलेलो नाही.

पुढे नकुरूत गेंडे दिसले, मारात सिंह दिसले. वाइल्डबीस्ट, म्हणजे गाईसारखे दिसणारे मोठे हरणवर्गी प्राणी, नदी ओलांडताना बघायला तीन तास थांबलो. कळप काठापर्यंत आला आणि मागे फिरला.

दोन वर्षांनी फेब्रुवारीत मी आप्पांना पुन्हा नेलं. फक्त अंबोसेली, चार रात्री. तिसऱ्या दिवशी आप्पा दोन हत्तिणींना कानांच्या फाटक्या कडांवरून ओळखायला लागले. १९७२ पासून तिथे हत्तींचा अभ्यास चालू आहे, ती मंडळीही हत्ती कानांवरूनच ओळखतात. आधीच्या खेपेला ढगात बुडालेला किलिमांजारो त्या पहाटे पायथ्यापासून माथ्यापर्यंत मोकळा दिसला, ५,८९५ मीटर. आप्पांनी टोपी काढून हात जोडले. दादा अजून म्हणतो, "एवढे पैसे घालून चार दिवस तेच हत्ती बघितलेत." हो, तेच बघितले. त्यासाठीच गेलो होतो.

आता तुमचं. वाइल्डबीस्टचं स्थलांतरच बघायचं असेल तर ऑगस्ट बरोबर आहे, पण मग सगळे दिवस माराला द्या. नदी ओलांडताना दिसतीलच असं मात्र धरून चालू नका. जुलै ते डिसेंबर तिथलं प्रवेशशुल्क परदेशी प्रौढाला दिवसाला २०० डॉलर आहे. आईवडिलांना रस्ता झेपणार नसेल तर नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटी विमानं पाऊण तासात मारात उतरवतात. सामान १५ किलोच, तेही मऊ बॅगेत. यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. वय साठीच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हे महत्त्वाचं. पहाटे कडाक्याची थंडी असते, स्वेटर हवाच. फराळ प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू नका, २०१७ पासून तिथे बंदी आहे.

आणि अंबोसेली व मारा दोन्ही हवीच असतील तर निदान नकुरू आजच यादीतून काढा. दादालाही मी एवढंच सांगत होतो.