शेवटचा भाग हातात येईपर्यंत

बाय, पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या पुस्तकमालिकेच्या शेवटच्या भागाची वाट बघतेयस, म्हणून वाचायच्या आधीच शेवट कळू नये यासाठी काय करायचं ते आत्ताच सांगते. पुस्तक प्रकाशनाआधी फुटतं, हे धरूनच चाल. हॅरी पॉटरचा शेवटचा भाग २१ जुलै २००७ ला यायचा होता. पानांचे फोटो त्याआधीच इंटरनेटवर फिरत होते.

एक्सवर पात्रांची नावं म्यूट कर, टोपणनावं आणि चुकीची स्पेलिंगंही. मला जास्त भीती यूट्यूबची वाटते. व्हिडिओ उघडावाही लागत नाही, थंबनेलवरच मेलेल्या पात्राचा चेहरा असतो. वॉच हिस्टरी पुसून बंद ठेवलीस की होमपेजवर शिफारशीच येत नाहीत. गूगलमध्ये तर पात्राचं नाव टाकूच नकोस. पुढचे शब्द तोच सुचवतो, त्यात ‘मृत्यू’ दिसला की संपलं!

किंडलवर घेणार असशील तर पॉप्युलर हायलाइट्स, म्हणजे इतर वाचकांनी खुणा केलेल्या ओळी, आधी बंद कर. छापील प्रत हवी तर पणजीतल्या दुकानात आजच नाव नोंदव, कारण प्रत उशिरा आली तर तेवढे दिवस जास्त सांभाळावं लागेल. आणि मैत्रिणींना स्पष्ट सांग, माझं वाचून होईपर्यंत एक अक्षर नको. ‘शेवटी रडशील गो’ एवढंसुद्धा नको.