फौजी टपाल : डिस्चार्ज बुकातली पिंकी

प्रश्न : मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून पेन्शन आलोय. मुलगी यंदा बी. फार्म.च्या पहिल्या वर्षाला आहे, बारावीला ७१ टक्के. मुलगा बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मुलीचा पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन गेलो, तर डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेल्या नोंदवहीत, तिचं नाव 'पिंकी' निघालं. शाळेच्या कागदावर नाव वेगळं. अर्ज परत आला. आता काय करू? आणि मुलाला काही मिळेल का?
– एक माजी हवालदार, कोरेगाव

उत्तर : हवालदार साहेब, जय हिंद. आधी माझीच गोष्ट ऐका. १९९४ साली थोरली झाली तेव्हा मी सिक्कीममध्ये होतो. आंतरदेशीय पत्र पोचायला बारा दिवस लागले. कंपनीचा क्लार्क पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जन्माची लष्करी नोंद, टाकायला बसला होता. म्हणाला, "नाम बोलो." बारसं व्हायचं होतं, नाव कुठलं सांगू? पत्रात आईनं लिहिलं होतं, 'छकुली खुशाल आहे.' तेच सांगून मोकळा झालो. ती छकुली अठरा वर्षं रेकॉर्डात झोपली होती, ती नेमकी थोरलीच्या इंजिनिअरिंगच्या वेळी उठून बसली. नाव दुरुस्त होईपर्यंत शिष्यवृत्तीची मुदत टळली. पुढं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा कल्याण संघटक म्हणून अकरा वर्षं गावोगाव फिरलो. पिंकी, सोनी, बाळू आणि नुसतं 'बेबी' असं लिहिलेल्या इतक्या पोरी-पोरं भेटली, की डिस्चार्ज बुक हातात आलं की मी आधी कुटुंबाचं पान उघडायचो.

तेव्हा अर्ज परत करणाऱ्या बाबूवर रागावू नका. नाव बदलणं त्यांच्या हातात नसतं. दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसात होते, तुमची बेळगावला. मुलीचा जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि 'पिंकी व अमुक ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र जोडा आणि अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. अर्जावर आर्मी नंबर आणि पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर ठळक लिहा. पोचपावती जपून ठेवा. जन्मतारीख जुळतेय का तेही आत्ताच बघा, नाहीतर पुन्हा हेलपाटा. आणि एक हात जोडून सांगतो, घरच्या घरी पेन लावू नका. एका गड्यानं काळ्या शाईतल्या 'बेबी'वर निळ्या बॉलपेननं 'वैष्णवी' गिरवलं होतं. ते पुस्तक निस्तरायला नावाच्या दुरुस्तीपेक्षा जास्त दिवस गेले.

घाई यासाठी, की ही शिष्यवृत्ती पहिल्या वर्षालाच भरायची असते. मुलीला महिना ३,०००, म्हणजे वर्षाला ३६,००० रुपये. मुलांना महिना २,५००. देशभरात दरवर्षी ५,५०० शिष्यवृत्त्या, निम्म्या मुलींना. बारावीला किमान ६० टक्के लागतात, पण ६० मिळाले म्हणजे काम झालं असं समजू नका. आधी लढाईत कामी आलेल्यांची मुलं आणि पत्नी, मग लढाईत जायबंदी झालेल्यांची, असे सहा गट आहेत आणि तुम्ही-आम्ही साधे पेन्शनर सहाव्यात. तिथं गुणांवर ठरतं. ७१ ला आशा धरायला हरकत नाही. एकदा मिळाली की दरवर्षी ५० टक्के राखावे लागतात. माजी सैनिक असल्याचा दाखला आपल्या कार्यालयातून, बोनाफाईड कॉलेजातून आणि खात्याचा दाखला बँकेतून, तिन्ही केंद्रीय सैनिक बोर्डाच्या ठरलेल्या नमुन्यातच घ्या. कॉलेजचा क्लार्क आपल्या लेटरहेडवर बोनाफाईड देऊन बोळवण करतो, ते चालत नाही.

मुलाचं बी. ए. या शिष्यवृत्तीत बसत नाही. ती व्यावसायिक पदवीसाठी आहे. पण तुम्ही हवालदार, त्यामुळं रक्षामंत्री निधीतलं शैक्षणिक अनुदान त्याला लागू होतं. पहिलीपासून पदवीपर्यंत, दोन मुलांपर्यंत. पूर्वी महिना १,००० होते, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना २,०००. आदल्या वर्षी पास असला पाहिजे आणि त्याच्या शिक्षणासाठी दुसरीकडून मदत घेत नाही असं लिहून द्यावं लागतं. ७ डिसेंबरला शाळेतली पोरं ध्वजदिनाचा डबा घेऊन दारात येतात ना, त्या निधीतूनच हा पैसा येतो. हे अनुदान हक्काचं असूनही आपली माणसं मागायला लाजतात. लाजू नका.

प्रश्न : माझे पती सीआरपीएफमधून हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाले. काश्मीरमध्ये बरीच वर्षं काढली. सैनिक कार्यालयानं 'तुम्ही आमच्यात येत नाही' म्हणून परत पाठवलं. हा अन्याय नाही का?
– एक भगिनी, कराड

उत्तर : ताई, गोळी वर्दीचा रंग बघून येत नाही, त्यामुळं तुमचा राग समजतो. पण नियमात 'माजी सैनिक' म्हणजे भूदल, नौदल आणि हवाई दल. सीआरपीएफ, बीएसएफ गृह मंत्रालयाकडे. त्यांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती वेगळी आहे, रक्कम तीच, मुलीला ३,००० आणि मुलाला २,५००. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा आणि पडताळणी दलाकडून होते. सैनिक कार्यालयात चकरा मारू नका, पतींच्या ग्रुप सेंटरला फोन लावा.

प्रश्न : पती ऑपरेशनमध्ये शहीद झाले. मुलगा चौथीत आहे. फीच्या सवलतीला महिना १०,००० ची मर्यादा आहे असं शाळेत सांगतात. आणि मला स्वतःला बी. एड. करायचंय. बी. ए.ला ६३ टक्के आहेत. आता या वयात हसतील का?
– एक वीरपत्नी, माण तालुका

उत्तर : ताई, शाळेतल्यांची माहिती शिळी आहे. ही सवलत १९७१ च्या युद्धानंतर लोकसभेत जाहीर झाली, पुढं सियाचीन, श्रीलंका अशा मोहिमांतल्या कुटुंबांनाही मिळाली. २०१७ मध्ये तिला १०,००० चं कुंपण घातलं गेलं. माजी सैनिकांनी देशभर आवाज उठवला आणि मार्च २०१८ मध्ये ते काढून टाकलं. तो आदेश छापून घ्या आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा. तोंडी वाद घालू नका, कागद बोलू द्या.

तुमच्या बी. एड.चं वाचून फार बरं वाटलं. पंतप्रधान शिष्यवृत्ती मुलांइतकीच सैनिकाच्या मागे राहिलेल्या पत्नीलाही आहे, बी. एड. त्यात बसतं आणि तुमचा गट पहिला. तुमच्याच तालुक्यातल्या एका ताईंचा अर्ज मी भरला होता. 'विद्यार्थ्याचा फोटो' या चौकटीत स्वतःचा फोटो चिकटवताना त्यांचा हात दोनदा थांबला. आज त्या शाळेत गणित शिकवतात. हसणारे हसू देत, तुम्ही प्रवेश घ्या.

प्रश्न : दहावी पास, १७ वर्षं नोकरी, नायक म्हणून पेन्शन. पोरगा म्हणतो, बाबा तुम्ही ग्रॅज्युएट आहात. चेष्टा करतोय का?
– फलटण

उत्तर : अर्धी चेष्टा, अर्धं खरं. दहावी पास आणि १५ वर्षं सेवा असली की केंद्र सरकारच्या गट 'क'मधल्या, माजी सैनिकांसाठी राखीव पदांना तुम्ही पदवीधर धरले जाता. तांत्रिक पदांना नाही. त्यावर एम. ए.ला प्रवेशही मिळत नाही. खरी पदवी हवी असेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहेच. तोवर दारावरच्या पाटीवर नावापुढं बी. ए. तेवढं लावू नका.