डोळे लाल झालेत, चुरचुरतात. मेडिकलमधून आणलेले ड्रॉप टाकू का?

तुम्ही लिहिलंय की तुमचे मिस्टर मालवणला रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने जाळं ओढायला जातात, दोन दिवस त्यांचे डोळे लाल आहेत, चुरचुरतात, पाणी येतं. घरात तीन वर्षांचं मूल आहे. सासूबाई मध घालायला सांगतायत आणि मेडिकलवाल्याने दिलेली बाटली अजून फोडलेली नाही.

आधी त्या बाटलीवरचं बारीक अक्षरातलं नाव वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यातलं काही असेल तर डॉक्टरांनी डोळा तपासल्याशिवाय एक थेंबही टाकू नका. ही स्टेरॉइडं आहेत. पुष्कळदा ती अँटिबायोटिकसोबत एकाच बाटलीत असतात, त्यामुळे लक्षात येत नाही.

हे एवढं कळकळीने सांगतेय त्याला कारण आहे. आमचं गाव राजापूरजवळ. चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरात बाबा खळ्यात भात झोडत होते आणि कुसळ उडून त्यांच्या उजव्या डोळ्यात गेलं. डोळा लाल झाला, तालुक्याच्या एका मेडिकलमधून ड्रॉप आणले, दुसऱ्या दिवशी लाली उतरली. आम्ही निर्धास्त. आठव्या दिवशी पडवीत त्यांना चहा देताना मला दिसलं, काळ्या बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा डाग, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या. ती बुरशी होती. कुसळासोबत आत गेलेली. त्या ड्रॉपमध्ये स्टेरॉइड होतं. त्याने सूज आणि लाली दाबली, पण त्याबरोबर शरीराची लढायची ताकदही दाबली आणि बुरशीला रान मोकळं मिळालं. मग नॅटामायसिन या बुरशीवरच्या औषधाचे दुधासारखे पांढरे थेंब, बाटली हलवून, दर तासाला. सुरुवातीला रात्रीही गजर लावून आई आणि मी आळीपाळीने उठायचो. जखम भरायला दीड महिना लागला. बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा व्रण, राहिलं ते राहिलंच. त्या डोळ्याने बाबांना समोरच्याचा चेहरा धूसर दिसतो.

तुमच्या मिस्टरांचं वर्णन मात्र मला साध्या डोळे येण्यासारखं वाटतं. बहुतेक वेळा ते विषाणूमुळे येतात. आधी एक डोळा, मग एक-दोन दिवसांत दुसरा, पाणी वाहतं, वाळू गेल्यासारखं खुपतं. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर साथ होती ती याचीच. यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. एक-दोन आठवड्यांत आपोआप बरं होतं. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचं आणि टाकून द्यायचा, दुसऱ्या डोळ्याला नवा. गार पाण्याची घडी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवली की बराच आराम पडतो. कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप चालतात. पिवळी-हिरवी घट्ट चिपडं येऊन सकाळी पापण्या चिकटत असतील तर जिवाणू असू शकतात, मग अँटिबायोटिक लागेल, तेही डॉक्टरांनी दिलेलं. दोन्ही डोळ्यांना नुसती खाज, शिंकाही येत असतील तर ॲलर्जी.

मध घालू नका. सासूबाईंना न दुखवता सांगा की बाटलीतला मध निर्जंतुक नसतो. एरंडेल, तूप, अंगावरचं दूध, तुरटीचं पाणी, सगळ्यांचं तेच. त्यांची काळजी खरी आहे. पाणी उकळून गार करायचं काम त्यांच्याकडे द्या.

मुलाचं म्हणाल तर नजरेला नजर भिडवून डोळे येत नाहीत, काळा चष्मा लावूनही थांबत नाहीत. पसरतात ते हात, टॉवेल, उशी यांतून. मिस्टरांचा टॉवेल आणि अभ्रा वेगळा ठेवा, डोळ्याला हात लागला की साबणाने धुवायला सांगा, आणि तेच ड्रॉप घरात दुसऱ्या कोणी वापरायचे नाहीत. काही दिवस रापणीला न गेलेलं बरं. दोर सगळ्यांच्या हातातून फिरतो, आणि खारा वारा लागून चुरचुर वाढते ती वेगळीच.

आता घाई कधी करायची. डोळा नुसता चुरचुरत नसून ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल, दिसणं कमी झालं असेल, दिव्याभोवती रंगीत कडं दिसत असेल, किंवा डोळ्यात काही उडालं असेल, तर थांबायचं नाही. चुना किंवा काजूच्या बोंडाखालच्या बीचं तेल उडालं तर आधी अर्धा तास डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याने धुवायचा, मग निघायचं. रुईच्या चिकाचं विशेष लक्षात ठेवा. शनिवारी मारुतीचा हार करताना तो उडतो, फारसं दुखतही नाही, आणि काही तासांनी दिसायचं धूसर होतं. तिथेही आधी पाणी, मग डॉक्टर.

उद्या सकाळी मिस्टरांना दारात उजेडाकडे तोंड करून बसवा आणि दोन्ही बुबुळं नीट बघा. काळ्यावर पांढरा ठिपका दिसला तर पहिली एसटी पकडून ओरोसला जिल्हा रुग्णालयात न्या, आणि ती बाटलीही सोबत न्या.